पहिले तीन व्हिडिओ

दुरुस्तीवाला : नावं दिसतायत हो, चाळीसच्या चाळीस. पण चालतायत पहिले तीनच व्हिडिओ. बाकीच्या फायली पोकळ आहेत.

भाऊ : असं कसं? पाचशे जीबीचा पेन ड्राइव्ह आहे, वरच छापलंय.

दुरुस्तीवाला : छापायला काय जातंय! आतली चिप आठची. ती भरली, की पुढचं सगळं घेतल्यासारखं दाखवतो आणि टाकून देतो.

बहीण : आणि मूळचे तू फोनमधून पुसलेस.

भाऊ : तपासून पुसले, ताई.

बहीण : किती तपासलेस?

भाऊ : पहिले दोन.

बहीण : शाबास!

भाऊ : म्हणून तर दोन ड्राइव्ह घेतले होते. एक हरवला तर दुसरा असावा.

बहीण : एकाच टोपलीतले, स्वस्तातले. हा घ्या, माझाही बघा.

दुरुस्तीवाला : (लावून बघत) याचंही तेच. तीनच.

भाऊ : दीड वर्ष तुझ्याकडे होता. तू कधी उघडलास का?

बहीण : पहिला व्हिडिओ लावला. पुढे धीर झाला नाही. बाबा शेजारच्या खोलीत मुके बसलेत आणि पडद्यावर घडाघडा बोलतायत. नाही बघवलं मला.

दुरुस्तीवाला : मुके म्हणजे?

बहीण : घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. त्याआधी चाळीस दिवस रोज फोनसमोर बसायचे. खोकत, थांबत, पाणी पीत. नातीनं आजोबांचा आवाज ऐकायला हवा म्हणून.

भाऊ : एखादं सॉफ्टवेअर लावून बघा ना. कितीही दिवस लागू देत.

दुरुस्तीवाला : पुसलेलं शोधता येतं, साहेब. लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणू? तो फोन असला तर आणा.

भाऊ : नवा घेताना दुकानात देऊन टाकला.

बहीण : सगळ्या घरात नवा फोन तेवढा धडधाकट आहे.

भाऊ : टोमणे नंतर मार. काल बाबांनी पाटीवर लिहिलंय, रविवारी सगळे मिळून बघू. त्यांना कोण सांगणार?

बहीण : तू.

भाऊ : मी एकटा?

बहीण : घाबरतोस कशाला? ते कुठे काही बोलणार आहेत!

भाऊ : ताई...

दुरुस्तीवाला : हे तीन तरी दुसरीकडे उतरवून ठेवतो. आवाज स्वच्छ आहे.

भाऊ : पहिल्यात काय म्हणतात बाबा? मला काही आठवत नाही.

बहीण : फोन तुझ्याच हातात होता. म्हणतात, 'चालू झालं का रे? नीट बघून घे. मला पुन्हा बोलता यायचं नाही.'