लाल टोकावरची दांडी

सुरभी : काच खाली करायची नाही म्हणता, मग या भट्टीतून बाळाला रोह्याला कशी नेऊ ते तरी सांगा, बाबा.

महादेव : काच उघडलीस तर पावसाची सर येणार, आणि सर नाय आली तर हायवेची धूळ. दोन्हीतलं काय तरी गणपतीच्या अंगावर जाणारच. शाडू हाय तो. एक थेंब बसला तर डाग जायचा नाय.

सुरभी : म्हणून तर एसी लावला. आणि ही हवा बघा. हात धरा इथं. शेगडीपुढं बसल्यासारखं वाटतंय.

महादेव : दे तिला माझ्याकडं. ये गो बाय. घामानं निथळली गो माझी चिमणी. बाहेर ये आजोबाजवळ.

सुरभी : बाळंतपणानंतर गाडी इथं ठेवून मी सासरी गेले तेव्हा चांगली गार हवा यायची. मधे कुणाला चालवायला दिली होती का?

महादेव : कुणाला देणार? मला तर येत नाय. तू सांगून गेलीस, बाबा, गाडी अधूनमधून चालू करत जा, नायतर बॅटरी उतरेल. तेवढं केलं.

सुरभी : आणि पेट्रोल? टाकी भरून ठेवली होती मी. काटा बघा कुठं टेकलाय.

महादेव : उडालं असेल.

सुरभी : बंद टाकीतून?

महादेव : उन्हानं.

सुरभी : आख्ख्या आषाढात ऊन कुठं पडलं होतं?

महादेव : शाळेत पोरांना पण असंच विचारतेस का गो? बिचारी पोरं.

सुरभी : थांबा, मिथुनला विचारते. कोलाडचा गॅरेजवाला, अक्षयचा मित्र. स्पीकरवर ठेवते, तुम्ही पण ऐका. हॅलो, मिथुन?

मिथुन : बोला वैनी! पेणला पोचलात? गाडी घ्यायला गेलायत म्हणाला अक्षय.

सुरभी : सकाळच्या एसटीनं आले. पण गाडीचा एसी गरम हवा टाकतोय. गॅस संपला असेल का?

मिथुन : गरम म्हणजे कशी, वैनी? साधी, बाहेरच्या हवेसारखी, का हीटर लावल्यासारखी?

सुरभी : हीटरसारखी. हात भाजतोय.

मिथुन : मग गॅसचं नाय वाटत. गॅस गेला तर हवा साधी येते. बटण दाबल्यावर पुढून टक् असा आवाज येतो?

सुरभी : येतो.

मिथुन : बॉनेट उघडा. उजव्या बाजूला दोन पांढरे पाईप आत गेलेत, एक जाड, एक बारीक. जाडाला हात लावा. पंख्यापासून लांब. ओढणी बांधून घ्या आधी, वैनी.

सुरभी : बांधली. हा जाड... अरे, हा तर थंड आहे! पाणी सुटलंय वरती.

मिथुन : झालं मग! एसी फिट हाय. गार हवा बनते, पण आत गरममधून फिरून येते. डॅशबोर्डच्या मागं एक झडप असते, ती हीटरकडं अडकली. पंख्याच्या बटणाखाली आडवी दांडी हाय, निळ्याकडून लालकडं जाणारी. ती कुठं हाय?

सुरभी : लालच्या टोकाला.

मिथुन : अहो वैनी! भाद्रपद तोंडावर आला नि तुम्ही हीटर लावून बसलात? सरकवा निळ्याकडं.

सुरभी : सरकत नाही.

मिथुन : जोर नका लावू! आतली केबल सुटली तर सगळा डॅशबोर्ड उतरवायला लागेल, आणि आज माझ्याकडं दोन टेम्पो उभे हायत. खाचेत काय अडकलं का बघा. बिस्किट, खडू, काय पण. लहान पोर हाय घरात.

सुरभी : ती अजून पालथी पडायला शिकतेय, मिथुन.

मिथुन : मग तिच्यावर नाव नको. टॉर्च मारून बघा, निघालं तर काढा, नाय निघालं तर फोन करा. ठेवू? टेम्पोवाला डोकं खातोय.

सुरभी : ठेव. बाबा, जरा इकडे या.

महादेव : झोपत आली गो ही. नंतर.

सुरभी : या खाचेत काहीतरी ठासून भरलंय. पांढरं. दगडासारखं झालंय. नखानं खरवडलं तर पीठ निघतंय.

महादेव : चुना असेल.

सुरभी : बाबा, मी आपल्या गणपतीच्या कारखान्यात पाटावर बसून मोठी झाले. शाडू मला अंधारात कळतो.

महादेव : दांडी लालवर राहत नव्हती गो. इंजिन थरथरलं की सरकत सरकत निळ्याकडं जायची, नि गार हवा सुटायची. घटकेत गरम, घटकेत गार झालं की मूर्तीला तडा जातो. म्हणून गोळी लावली खाचेत. नंतर काढायची राहिली.

सुरभी : मूर्तीला? म्हणजे हा गणपती तुम्ही गाडीत वाळवलात?

महादेव : मग कुठं वाळवू? कारखाना होता तेव्हा माळ्यावर बल्ब लावून शंभर मूर्ती वाळायच्या. आता घरात एक मूर्ती, नि भिंतींना पाणी सुटलेलं. आठ दिवसांनी हात लावला तर सोंड ओलीच. तुझ्या सासरी काय ओला गणपती पाठवू? पुढच्या सीटवर पाट ठेवला, त्यावर बसवला, पट्टा लावला—

सुरभी : सीटबेल्ट लावलात गणपतीला!

महादेव : पाट हलू नये म्हणून. हसू नको. रोज थोडा फिरवायचा, एका अंगानं तापला तर वाकतो.

सुरभी : आणि तुम्ही? बंद गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचं नसतं, बाबा. माणसं मरतात त्यानं.

महादेव : उघड्यावर उभी होती. माझ्या बाजूची काच बोटभर खाली असायची.

सुरभी : तुमच्या बाजूची म्हणजे? तुम्ही कशाला बसत होतात आत? फिरवायला यायचं आणि घरात जायचं.

महादेव : बसायचो मागं.

सुरभी : मागं कशाला?

महादेव : तुझं काय ते खरवडून घे आता. उशीर होईल.

सुरभी : स्क्रूड्रायव्हर देता?

महादेव : स्क्रूड्रायव्हर नको, दांडी मोडशील. शाडू पाण्याला ऐकतो. माझा बारीक ब्रश हाय त्या डब्यात. टोक ओलं कर, जास्ती पाणी नको, खालती वायरी असतील. दोन बोटं ठेव नि थांब. घाई करायची नाय.

सुरभी : मूर्ती वाळून किती दिवस झाले?

महादेव : श्रावण लागला तेव्हाच वाळली. मग रंगवली.

सुरभी : श्रावण लागला तेव्हा वाळली. आणि परवा मी फोन केला तेव्हा गाडीचा आवाज मागं येत होता. टीव्ही लावलाय म्हणालात.

महादेव : तुझी आई बरी होती. ती एवढं लक्षात ठेवायची नाय.

सुरभी : बाबा, मूर्ती वाळल्यावर गाडीत काय करत होतात?

( ब्रश ठेवल्याचा आवाज. बाळ एकदा कुरकुरतं आणि पुन्हा शांत होतं. )

महादेव : हिचं दुपटं राहिलं होतं मागच्या सीटवर. ते पिवळं. तू डोस द्यायला न्यायचीस ना तिला या गाडीतून.

सुरभी : हो. शोधत होते मी ते.

महादेव : तुम्ही गेलात तेव्हा घरात वास होता गो. वेखंडाचा, तेलाचा, धुरीचा. बायजामावशी तुला नि हिला शेक द्यायची त्या खोलीत तर भरून राहिला होता. मग पाऊस लागला नि चारपाच दिवसांत सगळ्याला ओल्या भिंतीचा वास. गाडीत राहिला. एरवी काचा बंद असायच्या ना. नि हवा गरम केली की जास्ती यायचा, दुपट्यातून.

सुरभी : म्हणून काच खाली करू नको म्हणत होतात?

महादेव : मूर्तीसाठी पण म्हणत होतो. ते खोटं नाय.

सुरभी : फोन का नाही केलात? मी आले असते.

महादेव : काय सांगणार फोनवर? वास गेला म्हणून सांगू?

सुरभी : मला सांगायचं होतं. तिकडे मी पण... अक्षय शिफ्टला गेला की दुपारभर मी आणि ही. बोलायला कोण आहे? भिंतीशी बोलते. तुम्हाला फोन करायचा तर वाटायचं, बाबा पडले असतील जरा.

महादेव : मी पडत नाय दुपारी.

सुरभी : मला काय माहीत. ...सुटला बघा गोळा. हलतेय दांडी.

महादेव : हळू.

सुरभी : आली निळ्याला. हात धरा. आली ना गार?

महादेव : आली. मिथुनला सांग, उगाच त्याचं डोकं अडकायचं.

सुरभी : मेसेज करते. बाबा, तुम्ही पण चला रोह्याला. गणपतीपुरते तरी.

महादेव : लेकीच्या घरी बाप राहत नाय. मूर्ती पोचवायची नि मागं फिरायचं. नागोठण्यापर्यंत येतो मागं मूर्ती धरून बसायला, तिथनं एसटी मिळेल.

सुरभी : नागोठण्याला मी थांबणार नाही.

महादेव : हट्ट नको. इथं घर कोण बघणार?

सुरभी : काय बघायचंय घरात?

महादेव : तो ब्रश आधी डब्यात ठेव.

सुरभी : एक अडचण आहे पण, बाबा. गाडी आता आमच्या दारात उभी राहणार. अक्षय कंपनीच्या बसनं जातो, मी रजेवर घरात. अधूनमधून चालू करायला कुणी नाही.

महादेव : बॅटरी उतरेल.

सुरभी : उतरेलच.

महादेव : नवीन घ्यायला लागेल उगाच.

सुरभी : तेच ना.

महादेव : धर हिला. मान सांभाळ, झोप मोडेल. कुलूप लावून येतो.

सुरभी : किल्ली बायजामावशीकडे देता?

महादेव : ती गेली पोराकडं पनवेलला, जेठातच. आता आळीत किल्ली ठेवण्यासारखं कुणी नाय. खिशातच ठेवतो.