मालूची साक्ष

मंडळी, आजच्या कीर्तनाआधी एक सवाल! घाबरून घातलेला नमस्कार देवाला पोचतो का? — हां, मागच्या रांगेत हसू नका! बायको बघत असली की तुमचे नमस्कार किती लांबतात, ठाऊक आहे मला!

तर ऐका. समुद्रकाठी फिरंग्यांचा अंमल होता, तेव्हाची गोष्ट. खाडीकाठी मानगाळी नावाचं गाव. तिथं मालू आणि त्याची म्हातारी आई सोनाय. खाडीच्या बांधाला लाकडी दार होतं, त्याची राखण मालूकडे. बापापासून आलेलं काम! भरती आली की दार लावायचं, नाहीतर खारं पाणी साऱ्या गावच्या भातात!

एक दिवस दवंडी पिटली — गावकीचं काम यापुढे किरिस्तावांनाच! आणि घरात मूर्ती सापडली, तर हद्दपारी!

मालू दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतलं, मालूचा मान्वेल होऊन आला. आई चुलीपाशी.

"काम हाती राहिलं?"

"राहिलं."

"मग हात धू. जेवायला बस."

बास! एवढंच! पण तांदळाच्या मडक्यात तिनं देवीचा मुखवटा लपवला होता, तो काही काढला नाही. म्हणाली, "तू कामासाठी गेलास. मला कुठं बांध राखायचाय?"

कुणीतरी चुगली केली. अंमलदारानं मालूला इगर्जीत, म्हणजे त्यांच्या देवळात बोलावलं, क्रुसावर हात ठेवायला लावला. "घरात मूर्ती आहे?"

काय करील हो? नाही म्हणावं तर खोटी शपथ, तुरुंग! हो म्हणावं तर — आई! शेवटी म्हणाला, "माझी नाही. आईची आहे."

तिथले म्हातारे पाद्री त्याच्या मागोमाग बाहेर आले. म्हणाले, "बाळा, तुझ्या डोक्यावर पाणी मी घातलं. तेव्हा तू थरथरत होतास. मी बघितलं, आणि गप्प बसलो. या हुकमांनी माझी इगर्जी भरली रे! पण यातलं येशूच्या ओढीनं कोण आलंय, मलाच कळेनासं झालंय." आणि रडले, मंडळी!

सोनायला होडीत बसवून पलीकडे, हिंदू राजाच्या मुलखात धाडलं. होडी सुटली. मालू बांधावर उभा. ती पाण्यातून ओरडली, "भरती होतेय रे! दार लाव!"

शिव्या दिल्या असत्या, तर सोसलं असतं त्याला!

चार महिन्यांनी निरोप आला — सोनाय गेली. मालू धावत पलीकडे पोचला. चिता रचलेली. पुढे झाला, तर तिथल्या गावचे चौघे आडवे!

"मागं हो! बाटलेला तू. हात लावायचा नाही!"

"अहो, आई आहे माझी!"

"ती आमची. तू त्यांचा."

अग्नी परक्यानं दिला. मालू काट्यांच्या कुंपणाबाहेर, धूर विरेपर्यंत उभा. जोडायला हात उचलले, ते अर्ध्यातच थांबले. कुणाला जोडायचे, ठरेना!

पुढे तो इगर्जीत जायचा, गुडघे टेकायचा. पण ओठ हललेले मरेपर्यंत कुणी पाहिले नाहीत. तिकडच्या हुकमानं एक देव नेला, आमच्या रिवाजानं दुसरा!

फिरंगी गेले, म्हणता? बरं. गेल्या महिन्यात आपली ग्रामसभा झाली. सुतार गल्लीत शांतवन मास्तरांच्या घरी रविवारी चार माणसं येशूच्या प्रार्थनेला जमतात. ती बंद करा — ठराव! किती हात वर झाले? आता का माना खाली?

मीही होतो तिथं, मंडळी. मला कुणी धाक घातला नव्हता, कुणी विचारलंही नव्हतं. तरी माझा हात वर होता.

उद्या सकाळी मी मास्तरांच्या दारी जाणार आहे. ते दार उघडतील की नाही, ठाऊक नाही. तुम्ही या, न या. आज टाळ खाली ठेवा. ज्यानं त्यानं आपल्या देवाचं नाव मनात घ्यावं — आणि निमूट घरी जावं.