धवलची हिरवळ

सिंगापुरात, तोआ पायोह भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मधुमतीबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची लेक मराठीत बोलायला लागल्या, तसा बाईंनी कान तिकडे लावला.

"आई, धवलदादा तुझ्या ऑपरेशनला येत नाहीये. डेन्व्हरला ऊन कडक आहे, लॉन जळेल म्हणाला."

"जळेलच की. पानगळ लागली की ये म्हणावं."

"तेव्हा तो नवं बी पेरतो."

"बरं, मार्च-एप्रिलात?"

"जमिनीला भोकं पाडून खत घालायचं असतं."

"थंडीत तर गवत झोपतं ना गं?"

"तिकडची थंडी कोरडी. तेव्हाही मधूनमधून पाणी द्यावं लागतं म्हणे."

"इथे आपल्या ब्लॉकखालचं बघ. कुणी विचारत नाही, तरी वाढतंय मेलं. शेजाऱ्याला सांग म्हणावं पाणी घालायला."

"सांगितलं. म्हणाला, पोटच्या पोरासारखं वाढवलंय, दुसऱ्यावर कसं टाकू?"

"असं म्हणाला?"

"हो."

मधुमतीबाईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या नाहीत.

"मग उद्याचीच तारीख घे. आणि त्याला म्हणावं, गवताचा फोटो पाठव. पट्टी सुटली की पहिलं तेच बघते."