आर्डिथची पायरी

– नाही, तुमच्या निवेदनावर सही करते मी, पण आधी बस. त्या खुर्चीत नको, ती मांजराची. हं. म्हणजे तुमच्या संघटनेला मी परत हवी आहे – दारोदार, चर्चमध्ये सांगत फिरायला, ऊठसूट खटले बंद करा, भरपाईला मर्यादा घाला – तेच ना? अरे बाळा, ते पत्रक मीच लिहिलंय. ‘माणूस पडला की वकील उभा राहतो’ – कुणाचं वाक्य? माझं. आपल्या सबंध काउंटीत फ्रिजवर चिकटलंय. आणि मग मीच पडले.

कुठे म्हणजे? इथेच, आर्डिथकडे – माझी धाकटी बहीण – मागच्या पायरीवरून, हातात कलिंगड. फळी निखळली होती. कलिंगड फुटलं, खुबा मोडला. आता घराचा विमा आहे आर्डिथचा, पण कंपनी म्हणते आम्ही देत नाही. वकील म्हणतो – हो, वकील, हसू नकोस – आपल्या मिसिसिपीत कंपनीवर सरळ खटला घालता येत नाही, बहिणीवर घालावा लागेल, ती हरली की पैसे कंपनीच भरेल. म्हटलं, मेले तरी नाही. तर आर्डिथच म्हणते, घाल की, हप्ते कशाला भरतेय मी इतकी वर्षं? म्हणून घातला. कोर्टात जायचो एकाच गाडीतून, चालवायची ती, आणि दुपारी एकाच डब्यातली तळलेली कोंबडी नि बटाट्याचं सॅलड. आणि गंमत काय – ज्यूरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या त्या बारा जणांसमोर, विम्याचं नाव काढायचं नाही, नियमच आहे तसा. मग त्यांना काय दिसणार? म्हातारी सख्ख्या बहिणीला लुबाडायला निघालीय. तरी म्हटलं, आर्डिथ सांगेल ना फळी सैल होती ते – ठरलंच होतं आमचं, म्हणजे खरं तेच सांगायचं असं ठरलं होतं. पण माझ्या वकिलाने तिला विचारलं, पायऱ्यांकडे तुमचं दुर्लक्ष झालं ना? संपलं. आर्डिथचं घराकडे दुर्लक्ष, असं तिच्या तोंडावर म्हणायचं! ताठ बसली आणि म्हणाली, ‘माझ्या घरात काही हलत नाही. हिचंच लक्ष नसतं, लहानपणापासून.’

ज्यूरीचा प्रमुख कोण, तर पशुखाद्याच्या दुकानातला हार्लन. त्याच्या दुकानात पत्रक मीच लावलेलं. निकालानंतर माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘तुम्हीच शिकवलंत, बाई.’ अगदी प्रेमाने. काही मिळालं नाही. पुढचं ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. दुखतं रे, फार दुखतं. एकटीला जमेना म्हणून आर्डिथने इथे आणलं, सगळं करते माझं – आणि न्हाऊ घालताना रोज ऐकवते, बारा लोकांनी सांगितलंय पायरी ठीक आहे म्हणून. दुरुस्त? छे! कोर्टाने निर्दोष ठरवलेली पायरी दुरुस्त कशी करणार? सुताराला दारातूनच हाकललं तिने.

मत? माझं मत कशाला बदलेल? लोक घालतातच ऊठसूट खटले. माझं वेगळं होतं. – सगळेच तसं म्हणतात? म्हणू देत.

हळू बोल, ती स्वयंपाकघरात आहे. आण तो कागद. झाली सही, नीघ आता. पुढून नको, तिने आत्ताच फरशी पुसलीय, मागून जा. हो, तीच पायरी. कठडा धर – नको, तोही हलतो. आणि पडलास तर माझ्याकडे बघू नकोस. या काउंटीत तुला कुणी काही देणार नाही, मी स्वतः घरोघर जाऊन आलेय.