व्याघ्रसेनाचे पाकीट फोडल्याबाबत

दि. २४ ऑक्टोबर २०२५

माझे नाव शुक्री धाकल्या वरठा, वय आधार कार्डाप्रमाणे ५१ व माझ्या हिशेबाने ५४, धंदा घरकाम व बागेत मजुरी, राहणार गंजाड, ता. डहाणू, जि. पालघर. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी गेली एकोणीस वर्षे नरपड येथील चिकूचे बागायतदार मनिष हरेश्वर राऊत यांच्याकडे कामास आहे. आम्ही त्यांना शेठ म्हणतो. घरात शेठ व त्यांच्या पत्नी जयश्रीताई असे दोघेच राहतात. मुलगा ओंकार वसईला शिकतो. मी सकाळी साडेसातच्या टमटमने जाते, घरचे काम उरकून दुपारनंतर बागेत चिकू निवडायला बसते आणि संध्याकाळी परत येते.

शेठना बाहुल्या जमवण्याचा नाद आहे. त्यांना बाहुल्या म्हटलेले चालत नाही. शेठ लहान असताना टीव्हीवर रविवारी सकाळी 'रानवीर' नावाचे कार्टून लागत असे, त्यातले हे योद्धे आहेत. तोंड जनावराचे, हातपाय माणसाचे आणि कमरेला तलवार. असे सोळा योद्धे आहेत. शेठकडे चौदा आहेत आणि राहिलेले दोन मिळत नाहीत म्हणून त्यांना झोप लागत नाही. हे काम करणाऱ्याला कलेक्टर म्हणतात असे त्यांनी मला सांगितले. पालघरच्या कलेक्टरसाहेबांशी त्याचा संबंध नाही.

प्रत्येक योद्धा पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात बंद आहे. कारखान्यातून निघाला तेव्हापासून एकालाही बाहेर काढलेले नाही. पाकीट उघडले की त्यातला दम जातो, असे शेठ म्हणतात. योद्ध्यांच्या खोलीला एसी आहे. शेठ व जयश्रीताई झोपतात त्या खोलीला पंखा आहे. मे महिन्यात जयश्रीताई काही ना काही निमित्त काढून योद्ध्यांच्या खोलीत जाऊन बसतात. शेठ कपाट उघडण्याआधी हात धुऊन पांढरे हातमोजे घालतात. ओंकार लहान असताना कपाटाच्या काचेला नाक लावून उभा राहायचा. त्याच्या नाकाचे डाग मी रोज पुसत असे. आता तो मोठा झाला आहे व सुट्टीत घरी आला तरी त्या खोलीत जात नाही.

या चौदांमध्ये व्याघ्रसेन नावाचा वाघाच्या तोंडाचा योद्धा मुख्य आहे. तो शेठना सहा वर्षांपूर्वी तलासरीच्या बाजारात एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर सापडला. तो घरी आला तेव्हा जयश्रीताईंनी चेष्टेने निरांजन आणून ओवाळले. शेठना चेष्टा कळली नाही. ते त्याला छातीशी धरून ओवाळून होईपर्यंत सरळ उभे राहिले होते. मी तेव्हा दारात होते.

दि. २१ सप्टेंबर रोजी रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी, शेठ आणि चिकू उतरवणारा लाहू असे तिघे बागेत होतो. विहिरीच्या वाटेवर वाघ आला. फॉरेस्टवाले त्याला बिबट्या म्हणतात, आम्ही वाघच म्हणतो. आम्ही तिघे खताच्या खोलीत शिरून दार लावून घेतले. दाराला खालून वीतभर फट आहे. वाघ बाहेर बसून राहिला. त्याला काही घाई दिसली नाही.

शेठ देव मानत नाहीत. जागरूक माणूस म्हणून त्यांची गावात ओळख आहे आणि आमच्या पाड्यावर येऊन अंधश्रद्धेवर त्यांनी दोनदा भाषण केले आहे. दुसऱ्या भाषणाला चहा होता. त्या संध्याकाळी त्यांनी मला हळू आवाजात विचारले, "शुक्री, तुम्ही लोक अशा वेळी काय करता?" मी सांगितले, "आमी वाघोबाला नवस बोलतो." ते म्हणाले, "मग बोल ना!" मी म्हणाले, "बाग तुमची हाय, शेठ. तुमी बोला. आमी काय दुसऱ्याच्या बागेचा नवस बोलायचा?"

शेठ प्रथम नारळ बोलले. वाघ हलला नाही. मग कोंबडी बोलले. मग बोकड बोलले. त्यांच्याकडे बोकड नाही. तो माझा आहे आणि हे मी त्यांना तिथेच सांगितले. तेवढ्यात वाघ उठून दारापाशी आला व फटीतून त्याने वास घेतला. तेव्हा शेठ मोठ्याने म्हणाले, "वाघोबा, माझा व्याघ्रसेन देतो तुला. शपथ." हे मी ऐकले, लाहूने ऐकले आणि ज्याने ऐकायचे त्यानेही ऐकले असावे. वाघ बांधावरून निघून गेला. तो तसाही जाणारच होता असे फॉरेस्टवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. असेल. माझे त्यावर काही म्हणणे नाही.

त्यानंतर मी शेठना तीन वेळा आठवण केली. पहिल्यांदा ते "हो, हो, बघू" म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, "मातीचा वाघ आणून देतो, देवाला काय फरक पडतो?" तिसऱ्यांदा रागावले आणि असले काही आपण बोललोच नाही म्हणाले. लाहूला विचारा म्हटले, तर लाहूचे दोन दिवस खाडे लावले. पण बागेत जाणे शेठनी बंद केले होते. जाईन तर मीच जात होते. नवस बोलणारा एसीत बसलेला आणि त्या वाटेने चालायची मी, हे मला पटत नव्हते आणि भीतीही वाटत होती.

दि. १७ ऑक्टोबर रोजी वाघबारस होती. आमच्याकडे त्या दिवशी वाघोबाचे सगळे देणे देऊन टाकतात, पुढे ढकलत नाहीत. सकाळी अकराच्या सुमारास शेठ डहाणूला बँकेत गेले असताना मी कपाटातून व्याघ्रसेनाचे पाकीट काढले. चावी माझ्याकडे कशी आली, हे मला विचारण्यात आले. चावी देव्हाऱ्यात असते. त्या वेळी जयश्रीताई देव्हाऱ्यासमोर बसलेल्या होत्या व त्यांचे डोळे मिटलेले होते. बराच वेळ मिटलेले होते. याहून जास्त मला माहीत नाही.

पाकीट मीच फोडले, हे मी कबूल करते. देवाला बंद वस्तू देत नाहीत. नारळ देतो तो फोडून देतो, बाटली देतो ती बूच काढून देतो. बंद दिली तर ती दाखवली असे होते, दिली असे होत नाही. मी कात्रीने कडेकडेने पाकीट कापले, पुठ्ठा फाटू दिला नाही. व्याघ्रसेनाचा एक पाय प्लास्टिकला चिकटला होता तो पाणी लावून सोडवला. हात खांद्यातून निसटत होता, त्याला दोरा बांधला. पाकीट मी परत कपाटात जागच्या जागी उभे केले, कारण शेठ पाकीट बोललेले नव्हते. संध्याकाळी पाड्यावर आमचे भगत हाल्या यांच्या हातून व्याघ्रसेन शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी ठेवला, शेंदूर लावला आणि शेठचे नाव घेतले.

पुढचे तीन दिवस शेठ रोज त्या कपाटासमोर हात मागे बांधून उभे राहत होते. मी तेव्हा लादी पुसत होते. पाकीट रिकामे आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी पुण्याच्या कोणा कलेक्टरला ते मोबाईलवर कपाट दाखवत होते, तेव्हा त्या माणसाने विचारले की तुमचा व्याघ्रसेन कुठे आहे.

दि. २२ ऑक्टोबर रोजी पाडव्याच्या दिवशी सकाळी शेठ गाडी घेऊन आमच्या पाड्यावर आले. मी अंगणात होते. माझी नात प्रगती आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली आहे, ती माझ्याजवळ भात पाखडत होती. शेठ गाडीतून न उतरता ओरडले, "शुक्री, तू चोर आहेस. एकोणीस वर्षं मी चोर पोसला." एकोणीस वर्षांत त्या घरात काय काय माझ्या हाताला लागले आणि काय काय मी जयश्रीताईंच्या हातात नेऊन दिले, ते मी इथे सांगत बसत नाही. प्रगतीने सूप खाली ठेवले आणि ती घरात गेली. शेठनी त्याच दिवशी ठाण्यात चोरीची तक्रार दिली.

दि. २३ रोजी सकाळी दहा वाजता हवालदार निलम मॅडम, दोन पंच व शेठ असे सगळे पाड्याच्या शिवेवर वाघोबापाशी आले. मला बोलावले होते. पाड्यावरची बरीच माणसे जमली होती. व्याघ्रसेन ठेवला तिथेच उभा होता. त्याच्यावर दव पडले होते व पायाशी फुले होती. शेठ हाल्या भगतांना म्हणाले की तुम्ही अडवणार असाल तर आताच सांगा. हाल्या म्हणाले, "आमी कशाला अडवू? न्या ना. फक्त उचलताना त्याला सांगा, कशापायी उचलता ते."

शेठ पुढे झाले. त्यांनी खिशातून हातमोजे काढून घातले. मग निलम मॅडमना म्हणाले, तुम्ही उचला. मॅडम म्हणाल्या, मुद्देमाल आहे, तुमचाच आहे का ते आधी ओळखून सांगा, मग उचलू. शेठनी वाकून पाहिले. मागे रानात काहीतरी खसपसले. ते हाल्याचे वासरू होते, पण शेठना ते माहीत नव्हते. त्यांनी हातमोजे काढले आणि पंचांसमोर म्हणाले, "हा माझा नाही. माझा पाकिटात होता."

मॅडमनी दोनदा विचारले. शेठनी दोनदा तेच सांगितले आणि ते गाडीत जाऊन बसले. पाड्यावरची माणसे हसली. मला हसू आले नाही. चोर ठरले असते तर बरे, असे नाही, पण पाच-सहा वर्षे ज्याला जीव लावला त्याला असे तोंडावर नाही म्हणणारा माणूस मी पाहिला आणि मला त्याची कीव आली. रागही होताच.

शेठनी आता तक्रार मागे घेतली आहे. वस्तू त्यांची नाही, तर चोरीही नाही, म्हणून प्रकरण बंद करण्यासाठी माझा हा जबाब हवा आहे, असे मला समजावून सांगितले. माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारण्यात आले. माझी शेठविरुद्ध तक्रार नाही. सोमवारपासून कामावर ये, असा त्यांचा फोन आला होता. त्यांनी विचारले की मागचे सगळे विसरलीस ना.

माझे म्हणणे एवढेच आहे की शेठनी तक्रार मागे घेतली ती इथे, टेबलासमोर, खुर्चीत बसून. चोर म्हणाले ते माझ्या अंगणात, माझ्या नातीसमोर. तर तो शब्द त्यांनी तिथे येऊन, गाडीतून उतरून, प्रगती ऐकेल असा मागे घ्यावा. तिची सुट्टी रविवारी संपते. त्यानंतर ते आले तरी मला उपयोग नाही. अशी मागणी जबाबात लिहिता येत नाही, असे मला सांगण्यात आले. तर लिहिता येत नाही असे लिहा, असे मी म्हणाले, ते लिहून घेतले आहे.

वरचा सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला व जिथे जबाब लिहिणाऱ्या साहेबांची मराठी होती तिथे आमच्या बोलीत समजावला. मी बोलले तसेच त्यात आहे. अंगठ्याची शाई पुढे केली होती, ती मी घेतली नाही. मला सही येते. प्रगतीने शिकवली आहे.

जबाब देणार,
शुक्री धाकल्या वरठा (सही)