खुन्याचे बूट

स्वीडनमधल्या उमिओ शहरात दंतवैद्याकडे बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून गुन्वोरबाई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारी फिल्म शिकणारी दोन पोरं, टुवा आणि दाढ धरून बसलेला मेल्कर, कुजबुजत भांडत होती.

"काल एक दिवस मी दाढ धरून घरी बसलो, तर खुनाच्या सीनची वाट लावलीस? शुक्रवारी फिल्म द्यायचीय!"

"मी? तुझा तो नट रूबेन! कुऱ्हाड घेऊन आला, दार लाथेनं उघडलं..."

"झकास!"

"...आणि उंबऱ्यात बूट काढून नीट ओळीनं लावले."

"अगं, खुनी आहे ना तो?"

"चार टेक झाले, चारही वेळा काढले. म्हणतो, हात आपोआप खाली जातात."

"पण खून तरी केला ना?"

"केला, नुसत्या पायमोज्यांवर. मग पळायचं, तर बूट चढेनात. शेवटी प्रेत झालेली तुझी आजीच उठली आणि बूट चढवायचा चमचा त्याच्या हातात दिला."

"देवा! पाचवा टेक घ्यायचास."

"घेतला. बूट चिकटपट्टीनं पायाला बांधले. तसाच चिखलाच्या पायांनी आत आला, तर आजी किंचाळली."

"कुऱ्हाड बघून?"

"बूट बघून."

"संपलं. भयपट म्हणे! कोण घाबरणार याला? माझं नाव काढून टाक."

गुन्वोरबाईंना राहवेना. छातीवर हात ठेवून त्या पुढे वाकल्या.

"बूट घालून? थेट घरात?"

"हो ना, काकू."

"अरे देवा! माझ्या अंगावर काटाच आला बघ."

मेल्करनं दाढेवरचा हात काढला.

"टुवा, पाचवा टेक पुसला नाहीस ना?"