बिनविरोध निवडणुकीचं कौतुक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यासंकुलाचे संचालक, जव्हारहून मुद्दाम आलेले पाहुणे, व्यासपीठावरील कर्मचारी समितीचे सदस्य, सहकारी बंधू-भगिनींनो, आणि दाराबाहेर उभ्या राहिलेल्या स्वयंपाकघरातल्या बायांनो. आत या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. तुषार, दार पूर्ण उघड.

शाल मिळाली, नारळ मिळाला, आभारी आहे. भावेश सरांनी मानपत्रही खणखणीत वाचलं. त्यातल्या एका वाक्याबद्दल मात्र बोललं पाहिजे. ‘निवडणूक अधिकारी म्हणून बाईंनी समितीच्या सलग पाच निवडणुका बिनविरोध पार पाडल्या.’ या वाक्यावर टाळ्या सर्वांत जास्त पडल्या. पाचवी कशी पार पडली, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी पोशेऱ्याच्या गौराबाईंनी अर्ज भरला. चौदाशे मुलांचा भात रांधणाऱ्या बाईला समितीत काय काम, असं पुष्कळांना वाटलं. कार्यालयातलं कुणीतरी म्हणालं, “गौराबाय, बैठकीत नागलीच्या भाकरी थापणार का?” सगळे हसले. मीही हसले.

मग मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. म्हटलं, “एका जागेसाठी मतदान घ्यायचं का? इतक्या वर्षांची परंपरा मोडेल.”

त्या म्हणाल्या, “बाई, माला खुर्ची नको. वाफेच्या भांड्याचा सांगायचा हाय. झाकणाचा खटका निसटतो. तिथं माजी मंगळी उभी ऱ्हाते.”

मंगळी त्यांची धाकटी बहीण.

मी काय केलं? “तुमचं म्हणणं मी समितीच्या कानावर घालते,” असा शब्द दिला आणि माघारीच्या अर्जावर त्यांची सही घेतली. संध्याकाळी पेढे वाटले. समितीच्या कानावर मी घातलं, पण चहा पिताना, उभ्या उभ्या. त्या वर्षीची इतिवृत्तं मी नंतर सगळी वाचली. वाहनतळाचं छप्पर आहे, सहलीचं ठिकाण आहे, कार्यालयातले पंखे आहेत. भांडं कुठेही नाही. ते बोलणारं माणूस मीच समितीबाहेर ठेवलं होतं.

पाच महिन्यांनी झाकण उडालं. मंगळी नाशिकच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी तिला पोशेऱ्याला आणलं. चौकशी अहवालात ‘कर्मचाऱ्याची असावधानता’ असं लिहून आलं. त्यावर समितीने सही केली. तीही बिनविरोध.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळ पाहता आहात. थोडंच राहिलं आहे.

या वेळी गौराबाईंनी पुन्हा अर्ज भरला आहे. माघारीची मुदत आज पाचपर्यंत होती. “जाता जाता एवढं जमवून द्या, बाई,” असा निरोप मला तिघांकडून आला. दुपारी तीनला गौराबाई स्वतःच आल्या. हातात माघारीचा अर्ज, टाइप केलेला. तो कुणी करून दिला, हे मी विचारलं नाही. अक्षरं आपल्याच कार्यालयातल्या यंत्राची होती.

मी विचारलं, “हे तुमच्या मनातलं आहे?”

“नाय बाई. पन तुमचा आज शेवटचा दिवस. माज्यापायी तुमाला बोल नको.”

ज्या बाईमुळे बहीण गेली, तिच्या निरोपाला गालबोट लागू नये म्हणून ही बाई माघार घ्यायला आली होती. तो कागद मी घेतला नाही. आता साडेपाच झाले आहेत. सोमवारी मतदान होईल. मतपेटी आधी स्वयंपाकघरात जाईल, न्याहारी आणि जेवणाच्या मधल्या वेळेत, आणि मग कार्यालयात. तसा आदेश सही करून मी फलकावर लावला आहे. सोमवारी मी इथे नसेन. तो कुणाला काढायचा असेल, तर सर्वांदेखत काढावा लागेल.

आपण मला तेवीस वर्षं सांभाळून घेतलंत, ऋणी आहे. माझ्या कडक बोलण्याने कुणी दुखावलं गेलं असेल, तर त्यांनी मोठ्या मनाने सोडून द्यावं. मंगळीबद्दल मात्र मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही. ती तुम्ही देऊ शकत नाही.

नमस्कार.